आधी रक्त तपासा, मग गहू सोडायला सांगा

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई, यांस



राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आपले खाते त्यासाठी लोहाच्या गोळ्या वाटते, जंतनाशक देते, पालेभाज्या खायला सांगते. हे सारे योग्यच आहे आणि पुष्कळांना त्याने गुणही येतो. हे पत्र आहे ते गुण न येणाऱ्यांसाठी. महिनोन् महिने गोळ्या घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन जागचे हलत नाही, त्यांना दवाखान्यात बहुधा एकच ऐकावे लागते : तुम्ही गोळ्या नीट घेत नाही. काही जण खरोखरच घेत नसतील. पण काहींच्या पोटात गोळी जाते आणि अंगी लागत नाही, कारण ती जिथे शोषली जायची ते लहान आतडे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतून सोलवटलेले असते. या विकाराला सेलिअ‍ॅक म्हणतात. २०१८ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या दर ३१ रुग्णांमागे सुमारे एकाला सेलिअ‍ॅक निघाला. तो ओळखायला सुरुवातीला लागते ती रक्ताची एक चाचणी. ही चाचणी सरकारी रुग्णालयात, ठरावीक रुग्णांसाठी, फुकट आणि गहू बंद करण्याच्या आधी व्हावी, ही या पत्रातली मुख्य मागणी आहे. ती रास्त कशी, आणि तिच्यावर घेतले जाणारे आक्षेप का टिकत नाहीत, हे सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाची प्रथिने असतात. कणकेला चिवटपणा येतो तो त्यांच्यामुळे. काही माणसांच्या जनुकांत एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे प्रकार असतात, आणि त्यांतल्या थोड्यांच्या शरीराला ग्लूटेनचे न पचलेले तुकडे शत्रू वाटू लागतात. मग रोगप्रतिकारशक्ती त्या तुकड्यांवर आणि त्यांच्याबरोबर स्वतःच्या आतड्यावरही तुटून पडते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नरस शोषण्याचे काम ते करतात, आणि या हल्ल्यात तेच झिजून सपाट होतात. ही झीज आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सर्वांत जास्त होते, आणि नेमके तिथेच लोह शोषले जाते. म्हणून हगवण, पोटदुखी, पोट फुगणे यांतले काहीही नसताना नुसता रक्तक्षय हेच पुष्कळ मोठ्या माणसांत या आजाराचे एकमेव लक्षण असते. लहान मुलांत वजन भरत नाही, उंची खुंटते, मुलींना पाळी उशिरा येते. मोठेपणी हाडे ठिसूळ होतात, गर्भ राहायला अडचण येते, तोंड वारंवार येते. ही अ‍ॅलर्जी नव्हे. गहू खाल्ल्यावर तासाभरात काही झाले नाही म्हणून निर्धास्त राहावे असा हा आजार नाही, कारण नुकसान आत, सावकाश आणि बहुतेकदा न दुखता होत असते. त्यावर औषध नाही. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष दाखवून दिला, आणि तेव्हापासून आजतागायत ग्लूटेन जन्मभर वर्ज्य करणे हाच उपाय आहे. उपाय इतका साधा आणि इतका जाचक असल्यामुळेच निदान पक्के असावे लागते.

पहिला आक्षेप ठरलेला आहे : हा उत्तरेकडचा आजार, आपल्याकडे कुठे असतो? आक्षेप निराधार नाही, म्हणून त्याच्याकडे नीट पाहू. २०१६ साली देशातल्या तीन भागांतल्या २३,३३१ प्रौढांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्तरेत सेलिअ‍ॅकचे प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघाले. दक्षिणेपेक्षा उत्तरेत बारा पट! पण याच अभ्यासात जनुकेही तपासली होती. आजाराला लागणारी जनुके तिन्ही भागांत साधारण एकतृतीयांश लोकांत सापडली. म्हणजे दक्षिणेतला माणूस जन्मतः सुरक्षित आहे असे काही नाही. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता, तर दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम. ईशान्येत गव्हाचे प्रमाण ३७ ग्रॅमच असून आजार मात्र उत्तरेच्या जवळपास होता, तेव्हा सगळे काही एकट्या गव्हाच्या मापाने ठरते असेही म्हणता येत नाही. आता या तीन भागांत महाराष्ट्र नव्हता, ही गोष्ट आपल्या खात्याने विशेष लक्षात घ्यावी. आपला आकडा दक्षिणेसारखा असेल असे गृहीत धरायला आधार नाही. पुण्या-मुंबईत, नागपुरात, नाशकात पोळी दोन वेळा होते. डब्यात पोळी, नाश्त्याला उपमा, चहाबरोबर बिस्किट किंवा खारी, संध्याकाळी पाव. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी भाकरी हेच जेवण होते आणि पोळी सणावारी व्हायची, तिथेही आज गहू रोजचा आहे, आणि त्यात रेशनच्या गव्हाचा वाटा मोठा आहे. पूर्वी आढळत नव्हता म्हणून आताही नसेल, हे अशा बदललेल्या ताटाकडे पाहून म्हणता येणार नाही.

पण समजा महाराष्ट्रातले प्रमाण हजारी दोन-चारच निघाले, तरी मागणीला बाध येत नाही. कारण ही मागणी सगळ्या जनतेची तपासणी करण्याची नाहीच. इटलीने २०२३ साली कायदा करून सर्व मुलांची टाइप-१ मधुमेह आणि सेलिअ‍ॅकसाठी तपासणी करायचे ठरवले. त्या देशाची सोय वेगळी आणि गव्हाशी असलेले नातेही वेगळे. उलट, अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदलाने २०१७ साली म्हटले, की लक्षणे नसलेल्यांची सरसकट तपासणी करण्याच्या बाजूने किंवा विरुद्ध ठरवायला पुरावा अपुरा आहे. महाराष्ट्राने सरसकट तपासणीच्या वाटेला जाऊ नये असेच माझे मत आहे. शोधायचे ते जिथे सापडण्याची शक्यता जास्त आहे तिथे. लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही न हटणारा रक्तक्षय ही पहिली जागा. टाइप-१ मधुमेह असलेली मुले ही दुसरी, कारण त्यांच्यात सुमारे सहा टक्क्यांना सेलिअ‍ॅक असतो. निदान झालेल्या रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले ही तिसरी, कारण त्यांच्यात सुमारे साडेसात टक्क्यांना, म्हणजे तेरा जणांत एकाला, तो निघतो. आणि वाढ खुंटलेली, वरचेवर जुलाब होणारी, खाऊनही बाळसे न धरणारी मुले ही चौथी. या चारही प्रकारचे रुग्ण आपल्या खात्याला शोधत हिंडायचे नाहीत, ते आधीच दारात आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत मुलांची उंची-वजने घेतात. पोषण पुनर्वसन केंद्रांत तीव्र कुपोषित मुले भरती होतात. उपचाराचा कालावधी संपवून घरी गेलेले मूल काही महिन्यांत पुन्हा त्याच वजनावर परत येते, तेव्हा आईला आहाराचा धडा पुन्हा द्यायचा की मुलाचे रक्त एकदा तपासायचे, याचा निर्णय तिथल्या डॉक्टरला घेता आला पाहिजे. आज चाचणीच हाताशी नसेल, तर निर्णय कसला घेणार?

चाचणीचे नाव टीटीजी-आयजीए. आतड्यावर हल्ला करणारी प्रतिपिंडे रक्तात किती आहेत ते ती मोजते. तिच्याबरोबर एकूण आयजीए मोजावे लागते, कारण सेलिअ‍ॅकच्या शंभरांतल्या दोन-तीन रुग्णांच्या शरीरात आयजीए मुळातच नगण्य असते आणि त्यांची चाचणी आजार असूनही निर्दोष येते. रक्ताच्या चाचणीत दोष दिसला, की दुर्बिणीने आतड्याचे चार-सहा बारीक तुकडे घेऊन बायॉप्सी करतात. मुलांच्या बाबतीत युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात एक सवलत दिली आहे. टीटीजी मर्यादेच्या दहा पट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए या प्रतिपिंडांच्या दुसऱ्या चाचणीतही दोष दिसला, तर बायॉप्सीशिवाय निदान करता येते. जिल्ह्याच्या गावी मुलांची दुर्बीण करणारा तज्ज्ञ नसतो, तिथे या सवलतीचे मोल मोठे आहे.

या सगळ्या क्रमाला एक अट आहे, आणि ती मोडली की पुढचे सारे कोसळते. तपासणी होईपर्यंत रुग्णाने गहू खात राहिले पाहिजे. गहू सुटला की प्रतिपिंडे ओसरू लागतात, आतडे भरून येऊ लागते, आणि काही महिन्यांनी केलेली तपासणी आजार असूनही निर्दोष येऊ शकते. जनुकांची चाचणी तेव्हाही करता येते, पण ती आजार नाही एवढेच सांगू शकते, आहे असे सांगू शकत नाही, कारण ती जनुके आपल्यातल्या दर तिसऱ्या माणसात असतात. मग उरते ते पुन्हा काही आठवडे रोज गहू खाऊन आतडे मुद्दाम दुखावून घेणे आणि मग तपासणे. गहू सोडून ज्याला बरे वाटू लागले आहे, असा माणूस याला सहसा तयार होत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. आज महाराष्ट्रात गहू सोडायचा सल्ला सगळीकडून मिळतो. मोबाइलवरचे आहारगुरू देतात, व्यायामशाळेतले प्रशिक्षक देतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही डॉक्टरही देतात : महिनाभर गहू सोडून पाहा, बरे वाटले तर समजा सेलिअ‍ॅक. हा सल्ला चुकीचा आहे. गहू सोडल्यावर पोट हलके वाटण्याची दुसरीही कारणे असतात. गव्हात फ्रुक्टान नावाची शर्करा-साखळी असते, ती काहींना बाधते, आणि पोटाच्या साध्या कुरकुरीतही तिच्यामुळे वायू होतो. अशा माणसाला जन्मभराचे कडक पथ्य लागत नाही. ज्याला खरोखर सेलिअ‍ॅक आहे त्याला मात्र आठवड्यातून एकदा पुरणपोळी, सणाला करंजी अशी मोकळीक कधीच घेता येत नाही. दोघांनीही नुसते ‘सोडून पाहिले’, तर पहिला विनाकारण जन्मभर बांधला जातो आणि दुसरा अर्धवट पथ्यात आतडे झिजवत राहतो. त्याच्या भावंडांना तपासायचे कुणाला सुचतही नाही. म्हणून आपल्या खात्याने वैद्यकीय अधिकाऱ्यांना एका ओळीची सूचना द्यावी : टीटीजीचा नमुना घेतल्याशिवाय कुणालाही गहू बंद करायला सांगू नये. या सूचनेला निधी लागत नाही, यंत्र लागत नाही, मंत्रिमंडळाची मंजुरीही लागत नाही.

चाचणीच्या खर्चाचा आक्षेप वित्त विभागाकडून येईल, तेव्हा त्याचाही विचार केलेला बरा. टीटीजी ज्या एलायझा पद्धतीने करतात, ती आपल्या सरकारी प्रयोगशाळांना नवी नाही. डेंग्यूचे नमुने याच पद्धतीने तपासले जातात, कावीळ आणि एचआयव्हीसाठीही ती वापरली जाते. यंत्र आहे, तंत्रज्ञ आहे. नवीन लागतात ते कीट आणि नमुने पोहोचवण्याची व्यवस्था. नमुने जिल्ह्याजिल्ह्यातून वैद्यकीय महाविद्यालयांत पाठवून आठवड्यातून एकदा एकत्र तपासले, तर कीट वायाही जात नाही. दुसऱ्या बाजूला, न झालेल्या निदानाचा खर्च मांडून पाहावा. गोळ्यांनी गुण नाही म्हणून शिरेतून लोह, मग रक्त चढवणे, मग पुन्हा सोनोग्राफी, मग खासगी दवाखाना, मग वाढ खुंटलेल्या मुलासाठी टॉनिकांच्या बाटल्या. हा खर्च कोणत्याही एका शीर्षाखाली दिसत नाही आणि त्यातला बराचसा लोकांच्या खिशातून जातो, म्हणून तो नाही असे होत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. निदान झाले तरी गरीब माणूस करणार काय? ग्लूटेनमुक्त पीठ, पाव, बिस्किटे मॉलमध्ये मिळतात आणि त्यांची किंमत पाहून मध्यमवर्गीयही माघारी फिरतो. मग ज्याचे औषध परवडणार नाही, त्याचे निदान करून नुसती काळजीच वाढवायची का? हा प्रश्न पंजाब-हरियाणात जास्त अवघड आहे. महाराष्ट्राला त्याचे उत्तर शेतातच मिळते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, मका, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, झाडून साऱ्या डाळी, यांतल्या कशातही ग्लूटेन नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी, कोकणातली तांदळाची भाकरी, धडगाव-मोखाड्याकडची नाचणी, उकडीचे मोदक, घावन, आंबोळी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, हे सगळे सेलिअ‍ॅकच्या रुग्णाला चालते. पाकिटातल्या महागड्या ग्लूटेनमुक्त बिस्किटांत तंतू कमी आणि स्निग्धांश जास्त असतो, तेव्हा ती न परवडल्याने रुग्णाचे फारसे बिघडत नाही. ज्या राज्यात भाकरी घरोघर थापता येते, तिथे हे पथ्य जगातल्या पुष्कळ देशांपेक्षा स्वस्त आणि चवदार होऊ शकते.

होऊ शकते असे म्हटले, होते असे नाही, कारण मध्ये पिठाची गिरणी आहे. आपल्या गिरणीत डबे रांगेने लागतात आणि बहुतेक डबे गव्हाचे असतात. गहू दळून झाला की दगडांच्या टाक्यांत आणि पीठ जिथून पडते त्या कापडी पिशवीत पीठ राहून जाते, आणि पुढच्या ज्वारीत ते मिसळते. घरच्या बायकांना हे चांगले ठाऊक असते. ‘गव्हावर दळू नका’ असे त्या गिरणीवाल्याला बजावतात ते भाकरी चांगली व्हावी म्हणून. सेलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी हा हिशेब वेगळाच आहे. इटलीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांना तीन महिने रोज अवघे ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिले, तेवढ्यानेही आतड्याची झीज दिसू लागली. मध्यम पोळीला तीस ग्रॅम कणीक धरली तर तीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असते. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे त्या पोळीचा पन्नासावा तुकडा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात एक ग्रॅम गव्हाचे पीठ मिसळले, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे मूल पोळी सोडून निष्ठेने दोन वेळा भाकरी खाते, आई शपथेवर सांगते की गव्हाचा कण दिला नाही, आणि तरीही पुढच्या तपासणीत टीटीजी उतरलेले नसते. यात खोटे कुणीच बोललेले नसते. पथ्य पाळून गुण येत नाही असे पाहिल्यावर घर हताश होते, आणि पथ्यच सुटते.

यावर उपाय आपल्याच समाजाला माहीत आहे. उपवासाचे दळण आले की गिरणीवाला दगड झाडतो, पिशवी झटकतो, पहिले मूठभर पीठ बाजूला काढतो. काही ठिकाणी त्यासाठी वेगळी चक्कीच असते. धर्माच्या शुद्धतेसाठी जे विनातक्रार होते, ते रुग्णाच्या आतड्यासाठीही झाले पाहिजे, आणि इथे झाडण्यापेक्षा वेगळी चक्की हाच पक्का उपाय आहे. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांकडून महिलांना पिठाच्या गिरण्या अनुदानावर दिल्या जातात. निदान झालेल्या रुग्णाच्या घराला त्यात प्राधान्य द्यावे, आणि तालुक्याला निदान एका बचत गटाने गहू-जव न दळणारी गिरणी चालवावी, असे ठरवायला फार मोठी योजना लागत नाही.

गिरणीच्या पलीकडे स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी आहे, आणि तिथे रुग्णाला सल्ला देणाऱ्या डॉक्टरचेही ज्ञान कमी पडते. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध हिंग नसतो. उग्र हिंगात डिंक आणि पीठ मिसळून तो करतात, आणि ते पीठ कधी तांदळाचे असते, कधी गव्हाचे. चिमूटभर हिंगातून जाणारे ग्लूटेन एकट्याने फार नसते, पण ते दोन्ही वेळच्या फोडणीत असते आणि गिरणीतून आलेल्या पिठात भर घालते. थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी गहू घालतात. मेतकुटात घालतात, आणि आजाऱ्याला हलके म्हणून मऊ भातावर नेमके मेतकूटच वाढतात. सातूचे पीठ, कुरडया, शेवया, हे तर सरळच गव्हा-जवाचे. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याच्या शिऱ्याचा. आहाराचा जो छापील कागद रुग्णाच्या हाती पडतो, त्यात ब्रेड, पास्ता, केक वर्ज्य असे लिहिलेले असते, कारण तो परदेशी पुस्तकावरून उतरवलेला असतो. मेळघाटातल्या किंवा माणदेशातल्या आईला त्याचा काय उपयोग? आपल्या खात्याने आहारतज्ज्ञांकडून मराठी स्वयंपाकघराची, प्रदेशागणिक वेगळी अशी यादी करून घ्यावी आणि आशाताईंच्या हाती द्यावी. पाकिटबंद मालापुरता नियम आहे : अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या व्याख्येनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन असेल तर तो पदार्थ ग्लूटेनमुक्त म्हणवता येतो, आणि पदार्थात ग्लूटेनयुक्त धान्य असल्यास ते वेष्टनावर सांगावे लागते. सुट्या मालाला मात्र वेष्टनच नसते, आणि आपली बरीचशी खरेदी सुटी असते. सुटा हिंग आणि सुटी पिठे विकणाऱ्यांकडून घटक लिहिलेली पाटी लावून घेणे अन्न व औषध प्रशासनाला अवघड जाऊ नये.

रेशनचा प्रश्न आपल्या खात्याचा नाही हे खरे, पण या आजारात औषध म्हणजे धान्यच असल्यामुळे औषधाचे दुकान म्हणजे रेशनचे दुकान ठरते. शिधापत्रिकेवर गहू आणि तांदूळ मिळतो. घरात एकाला सेलिअ‍ॅक असेल तर त्याच्या वाट्याचा गहू एक तर विकला जातो किंवा, पैशाची चणचण असेल तर, त्यालाच खाऊ घातला जातो. पश्चिम सहाराच्या निर्वासितांचे उदाहरण इथे आठवावे लागते. पूर्वी उंटाच्या दुधा-मांसावर जगणाऱ्या या सहरावी समाजाच्या आहारात आता गव्हाचे पीठ मुख्य आहे, आणि छावण्यांत ते मदत म्हणून येते. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा ५.६ टक्के मुलांना सेलिअ‍ॅक निघाला. जगात कुठेही तोवर एवढे प्रमाण दिसले नव्हते. आपली स्थिती तशी नाही, पण सरकार जे धान्य देते तेच काहींना बाधते, याची दखल धान्य देणाऱ्याने घ्यायची असते, एवढे त्यातून निश्चित कळते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मध्ये गहू आणि तांदूळ यांच्या जोडीने भरड धान्याचाही उल्लेख आहे. तेव्हा सरकारी रुग्णालयाचे निदानपत्र दाखवणाऱ्या माणसाला गव्हाऐवजी तेवढाच तांदूळ किंवा ज्वारी द्यायला कायद्याची आडकाठी नाही. रुग्ण मोजके असतील तर भार मोजकाच पडेल. अंगणवाडीतून घरी नेण्यासाठी मिळणाऱ्या आहारालाही हेच लागू करावे.

आणखी एक भीती बोलून दाखवली जात नाही, पण ती निदानाच्या आड येते : मुलीला असला आजार आहे हे कळले तर तिचे लग्न कसे होणार? या भीतीपोटी अहवाल कपाटात जातो, सासरी पथ्य लपवून मोडले जाते, आणि पुढे गर्भपात किंवा कमी वजनाचे बाळ झाले की दोष तिलाच लागतो. उपचार न झालेल्या सेलिअ‍ॅकमध्ये या गोष्टींचा धोका वाढतो, आणि पथ्य पाळणारी स्त्री मात्र सर्वसामान्य आयुष्य जगते, हे आपल्या प्रसूतिपूर्व तपासणीच्या टेबलावरून, डॉक्टरच्या तोंडून सांगितले गेले, तर घर ऐकते. निदानानंतर वर्षभरात टीटीजी पुन्हा तपासणे, लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२ पाहणे, प्रौढांची हाडे तपासणे आणि भावंडांना बोलावणे, एवढी पुढची देखभाल जिल्हा रुग्णालयात होण्यासारखी आहे.

अशी व्यवस्था लागायला वेळ लागेल याची कल्पना आहे. म्हणून सुरुवात दोन गोष्टींनी करावी, अशी आग्रहाची विनंती आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि पोषण पुनर्वसन केंद्रात टीटीजी-आयजीएचे नमुने घेण्याची सोय येत्या आर्थिक वर्षात करावी, आणि नमुना घेण्याआधी गहू बंद करू नये, ही सूचना त्यासाठी न थांबता आत्ताच काढावी.

कळावे,

आपल्या राज्यातील एक नागरिक